आमोशेचा खड्डा

गेल्या वर्षी कार्तिकातल्या अमावास्येला, सकाळी दहाच्या सुमारास, देऊळघाटचे यासीनखाँ यांनी स्वतःच्या शेतातल्या खड्ड्यात उभे राहून तीस-चाळीस माणसांसमोर सांगितले की त्यांच्या बोटांना आता माती कळत नाही. त्याच बोटांच्या भरवशावर त्या उन्हाळ्यात कमलबाईंच्या अडीच एकरांत तलावाचा गाळ पडला होता आणि पावसाळ्यात तिथे काही उगवले नव्हते. हे सांगताना त्यांच्या उजव्या हातात ओल्या मातीचा गोळा होता. तो त्यांनी खाली ठेवला नाही. थोड्या वेळाने चहा आला.

मी दक्षिणेच्या काठावर पाय खाली सोडून बसलो होतो. जिल्हा पानासाठी बातम्या पाठवत असताना चार वर्षांत त्या खड्ड्यावर मी बऱ्याच अमावास्यांना गेलो. त्यातून दोन बातम्या छापून आल्या, दोन्ही आतल्या पानावर. एकीत यासीनखाँ 'प्रगतशील शेतकरी' झाले होते. ते कात्रण त्यांनी हातभर लांब धरून पाहिले आणि म्हणाले, "प्रगती कोनी केली, बाप्पा? मी तं खड्ड्यात बसून राह्यलो."

त्यांना सगळे चाचा म्हणत. वय विचारले तर सांगत, "दुष्काळाच्या साली बापासंग पहिली विहीर उतरलो. आता तुम्हीच जोडा." कोणत्या दुष्काळाच्या, हे सांगत नसत. विहिरी खोदणे हा त्यांचा धंदा होता. देऊळघाटपासून चिखलीपर्यंत त्यांनी किती विहिरी खोदल्या याचा आकडा उपलब्ध नाही. ते स्वतः कधी साठ म्हणत, कधी नव्वद. बोअरची यंत्रे आली तेव्हा ते काम संपले आणि चार एकर वावर तेवढे राहिले. मान मात्र तशीच राहिली. उभे आयुष्य खालून वर पाहण्यात गेल्यामुळे ती किंचित मागे झुकलेली असे, आणि समोरच्याशी बोलतानाही ते त्याच्या डोक्यावरून पलीकडे काही पाहत आहेत असे वाटे.

वावरात शिरताना ते चपला धुऱ्यावर काढत. धुरा म्हणजे शेताचा बांध. चपला नेहमी जोडीने, वावराकडे तोंड करून. सून म्हणे, "अब्बा मशिदीत बी चपला इतक्या नीट नाई ठेवत."

डॉ. इंगळे त्यांच्याकडे पहिल्यांदा आल्या त्या खड्डा खोदणारा शोधत. त्या मातीच्या शास्त्रज्ञ. जवळच्या एका संशोधन केंद्रात नव्याने रुजू झालेल्या. जमिनीचे थर पाहण्यासाठी त्यांना माणूसभर खोल खड्डा हवा होता. केंद्राच्या मजुरांनी एका ठिकाणी खोदला तो वरून रुंद, खालून अरुंद, आणि भिंती खरवडलेल्या. त्यात थर दिसेनात. कोणीतरी चाचांचे नाव सांगितले.

"किती खोल?" चाचांनी विचारले.

"माणूसभर."

"कोन्ता माणूस? माह्यावानी का तुमच्यावानी?"

डॉ. इंगळे उंचीने लहान आहेत. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्यासारखा."

"अन् ऊन कोन्त्या भिंतीवर पायजे?"

हा प्रश्न त्यांना आधी कोणी विचारला नव्हता. त्यांनी विचार करून सांगितले, सकाळचे, आणि पश्चिमेच्या भिंतीवर. दुपारपर्यंत चाचांच्या वावरात खड्डा तयार झाला. भिंती ओळंब्याने तासल्यासारख्या सरळ, उतरायला तीन पायऱ्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन बरोबर पश्चिमेच्या भिंतीवर पडले. डॉ. इंगळे खाली उतरल्या तेव्हा चाचा आधीच तिथे उभे होते आणि भिंतीवरून बोट फिरवत होते. वरच्या काळ्या, भुसभुशीत थराला त्यांनी 'चालती' म्हटले. त्याखालच्या गच्च थराला 'झोपलेली'. पांढऱ्या खड्यांच्या थराला 'चुन्याची'. अगदी तळाच्या मुरमाला 'हाड'.

"आम्ही यांना अ, ब, क म्हणतो," डॉ. इंगळे म्हणाल्या.

"मंग शाळेतल्या तुकड्याच झाल्या की. ब तुकडीतल्याले समजत नाई का आपन ब तुकडीत आहो?"

त्यांनी दोन्ही नावे वहीत लिहिली. ती वही पुढे जाड झाली.

खड्डा दुसऱ्या दिवशी बुजवायचा होता. चाचांनी तो ठेवून घेतला. कारण साधे होते. चार दिवसांनी अमावास्या होती, आणि अमावास्येला या भागात औत जुंपत नाहीत. बैल गोठ्यात, माणसे ओट्यावर. चाचांचे बैलही त्या दिवशी बसून असत. कोणी विचारले की तुम्हाला काय अमावास्येचे, तर म्हणत, "शेजाऱ्याचे बैल बसले असताना माह्ये काऊन राबतीन? ते काय मले इचारनार नाई?" रिकामे बसलेल्या लोकांना त्यांनी खड्डा पाहायला बोलावले. पहिल्या वेळी सात-आठ जण आले. मग ते चालत राहिले. सोयाबीन निघाले की वावराच्या नव्या कोपऱ्यात नवा खड्डा होई, पावसाआधी तो बुजे, आणि मधल्या प्रत्येक अमावास्येला लोक तिथे जमत. गावात त्याला आमोशेचा खड्डा हेच नाव पडले.

तिथली सकाळ सांगणे अवघड आहे, कारण तिथे फारसे काही घडत नसे. लोक काठावर पाय सोडून बसत. चपला सगळ्यांच्या धुऱ्यावर. पूर्वेच्या काठावर बाया. खड्ड्यातून एक गारवा वर येई आणि तो आधी तळपायांना कळे. ऊन पश्चिमेच्या भिंतीवरून हळूहळू खाली सरके, काळ्यावरून पांढऱ्यावर, पांढऱ्यावरून मुरमावर, आणि बोलणारेही नकळत हळू बोलू लागत. एखादी मुळी भिंतीतून बाहेर आलेली असे. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, केव्हाच उपटून नेलेली, पण तिची पांढरी मुळी माणसाच्या छातीइतक्या खोलीवर दिसे, आणि कोणीतरी म्हणे, "एवढी खाली कायले गेली असन ही?" ती जिथे गेली होती तिथे सगळेच मनाने जाऊन येत असावेत. चाचा डोळे मिटून बसत. झोपले आहेत असे वाटावे इतके. मग एकदम म्हणत, "पान्यासाठी नाई गेली. गारव्यासाठी गेली. पानी तं वर बी होतं."

येणारा प्रत्येक जण आपल्या वावरातली मूठभर माती कागदात बांधून आणी. ती हातोहात फिरे. चाचांची पद्धत अशी: बाटलीतले पाणी दोन थेंब टाकायचे, गोळा मळायचा, मग अंगठा आणि पहिले बोट यांच्यामधून तो दाबत पुढे ढकलायचा, की मातीची एक चपटी पट्टी बाहेर येते. याला ते 'मातीले जीभ काढाले लावनं' म्हणत. जीभ किती बोटे लांब होऊन तुटते त्यावरून माती किती चिकण ते कळे. डॉ. इंगळेंनी हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या पायरीवर बसून हसू लागल्या. हीच परीक्षा त्या महाविद्यालयात पुस्तकातून शिकल्या होत्या. पुस्तकात जीभ म्हटलेले नव्हते, एवढाच फरक.

नियम एक होता आणि तो चाचांनी घालून दिला होता. आधी हात, मग कागद. मातीबद्दल आधी सगळ्यांनी आपापल्या बोटांनी सांगायचे, शेवटी चाचांनी, आणि ते वहीत लिहून झाल्यावरच डॉ. इंगळेंनी प्रयोगशाळेचा अहवाल उघडायचा. वहीत दोन रकाने होते, एक हाताचा, एक कागदाचा. दोन्ही जुळले तर पुढे जायचे. न जुळले तर डॉ. इंगळे त्यावर लाल पेन्सिलीने गोल काढत. सुरुवातीच्या वर्षांत लाल गोल फार थोडे आहेत. मी ती वही पाहिली आहे.

एक गोल अख्ख्या पानाला आहे. केंद्राने गावातून मातीचे नमुने मागवले होते. प्रत्येक घरातून पिशवी आली. अहवाल आले तेव्हा गावातली प्रत्येक जमीन उत्तम निघाली. बरड माळाची सुद्धा. डॉ. इंगळे अहवालांचा गठ्ठा घेऊन खड्ड्यावर आल्या आणि त्यांनी विचारले की हे कसे काय. लोक इकडेतिकडे पाहू लागले. चाचा शांतपणे म्हणाले, "मॅडम, पोरगी पाहाले पाहुने येतात तवा कोनी मळक्या लुगड्यात बसवते का तिले?"

सगळ्यांनी उकिरड्याच्या कडेची, खत मुरलेली माती भरून पाठवली होती. सरकारी तपासणी म्हणजे परीक्षा, आणि परीक्षेत आपले वावर नापास झाले तर गावात काय तोंड दाखवायचे, असा हिशोब होता. एका म्हाताऱ्याने तर जावयाच्या वावरातली माती आणली होती, कारण ती जास्त काळी होती. तो काठावरच होता. म्हणाला, "मंग जावयाचं वावर पास झालं ना? बस झालं." त्या दिवशी हसण्यात अर्धा तास गेला. पुढच्या अमावास्येला चाचा स्वतः घरोघर फिरले आणि वावराच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून माती कशी घ्यायची ते त्यांनी दाखवले. प्रत्येक दारात एकच वाक्य: "आजाऱ्याले डॉक्टरपुढं पावडर लावून नेऊ नका."

दुसरी एक गोष्ट त्यांच्या बंडीच्या खिशात असे. हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा, नखाएवढा. एका विहिरीत दोन पुरुष खोलीवर, अस्सल काळ्या मातीत, तो त्यांना सापडला होता. तिथे पूर्वी कोणी खोदले नव्हते. जमीन फोडलेली नव्हती. मग लहान मुलीच्या मापाची बांगडी तिथे गेली कशी, हे त्यांनी बापाला विचारले होते, मौलवींना विचारले होते, चिखलीच्या बाजारात एका मास्तरांना विचारले होते. त्यांचे स्वतःचे म्हणणे असे की काळी माती झोपेत कूस बदलते. वरचे खाली घेते, खालचे वर देते. दुपारी विहिरीच्या तळाशी आडवे झाले की त्यांना ते जाणवे. फार सावकाश, म्हणत, जनावर दमून झोपलेले असते तशी तिची बरगडी हलते.

डॉ. इंगळेंनी तुकडा तळहातावर घेऊन पाहिला. त्यांनी सांगितले की काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, वरचे त्या भेगांत पडते, पाऊस पडला की माती फुगते, भेगा मिटतात आणि खालची माती दाबाने वर सरकते. शेकडो वर्षे हे चालू असते. अशी जमीन स्वतःच स्वतःला उलथत राहते. शास्त्रात याला नाव आहे.

चाचांनी त्यांच्या तळहातावरचा तुकडा बोटाने उलटवला.

"म्हंजे कूस बदलते," ते म्हणाले.

"हो चाचा. कूस बदलते."

त्यांनी तुकडा परत घेतला आणि खिशात ठेवला. त्या दिवसापासून ते त्यांना मॅडम म्हणेनासे झाले. बेटी म्हणू लागले.

कमलबाईंचे शेत चाचांच्या धुऱ्याला लागून आहे. त्यांचे मालक एसटीत ड्रायव्हर, महिन्यातले बरेच दिवस बाहेर, त्यामुळे शेती कमलबाई करतात. वाटणीत त्यांच्या वाट्याला अडीच एकर बरड आले, आणि काळे वावर दिराकडे गेले. आपल्या धुऱ्यावर उभे राहिले की पलीकडे ते दिसते. कमलबाई खड्ड्यावर नेमाने येत, पूर्वेच्या काठावर बसत आणि प्रत्येकाच्या मातीवर शेरा मारत. "ही माती आहे का घमेल्यातलं शिमिट?" एकदा चाचांनी विचारले, तुझ्या मनात काय आहे? त्यांनी सांगितले, "मले एकदा काळ्या वावरात पेरायचं आहे. माह्या स्वतःच्या. बस."

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात गावाच्या वरच्या अंगाचा तलाव आटला आणि गाळ काढायला पोकलेन आले. गाळ फुकट, वाहून नेणे ज्याचे त्याचे. ज्यांचे ट्रॅक्टर होते त्यांनी आधी नेला. कमलबाईंचा नंबर शेवटच्या दोन दिवसांत आला. तोपर्यंत गाळाचा थर संपत आला होता आणि यंत्र तलावाच्या मूळ तळात शिरले होते. दिसायला तीही माती ओली आणि काळीच होती. डॉ. इंगळेंनी नमुना घेतला आणि सांगितले, पंधरा दिवस थांबा, अहवाल येऊ द्या. यंत्र परवा जाणार होते. कमलबाई मुठीत गोळा घेऊन चाचांकडे आल्या.

चाचांनी गोळा मळला. जीभ काढली. ती चांगली लांब निघाली.

"टाक," ते म्हणाले. "सोनं आहे."

लांब जीभ चोपण मातीचीही, म्हणजे क्षार धरलेल्या, पाणी मुरू न देणाऱ्या मातीचीही निघते. फरक बोटाखाली कळतो. चांगला गाळ बारीक पिठासारखा सरकतो, चोपण साबणासारखी. हे खड्ड्यावर चाचांनीच सगळ्यांना शिकवले होते.

दोन दिवसांत गाळ पसरला. कमलबाईंनी त्यावर हळदकुंकू वाहिले. पाऊस आला तेव्हा माती मिटली. पाणी आत जाईना. दोन दिवस त्या वावरात आभाळ दिसत होते, ढग एका धुऱ्याकडून दुसऱ्या धुऱ्याकडे जाताना, आणि रस्त्याने जाणारे लोक थांबून पाहत. मग पाणी वाळले आणि वर पापडासारखा थर धरला. सोयाबीनचे कोंब त्याखाली वाकून पिवळे पडले. कमलबाईंनी खुरप्याने तास-तास थर फोडला, पुन्हा पेरले, पुन्हा तेच झाले. अहवाल आला होता. चोपण. चाचांनी वावरात काडी खुपसून पाहिली. एवढ्या पावसानंतर ओल चार बोटे खोल होती. त्याखाली कोरडे ठाक.

पुढचे त्यांनी अमावास्येला खड्ड्यात उभे राहून सांगितले तेवढेच मला माहीत आहे. त्यांना साखरेचा आजार होता. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच अनवाणी फिरू नका म्हणून बजावले होते, कारण पायांची जाणीव कमी होत होती. ते वावरात तरीही चपला काढत राहिले. हातांचे कोणी बोलले नव्हते. त्या पावसाळ्यात एके दिवशी सुनेने त्यांच्या बोटावर फोड पाहिला. गरम किटली धरल्याचे त्यांना आठवत होते, चटका आठवत नव्हता. दुसऱ्या दिवशी ते धुऱ्यावर बसले. डाव्या हातात स्वतःच्या वावरातली माती घेतली, उजव्या हातात कमलबाईंच्या. डोळे मिटले.

"दोन्ही एकच लागली," ते म्हणाले.

सुरुवातीला सांगितलेला चहा तो हा. कप फिरले. मग पूर्वेच्या काठावरून कमलबाई बोलल्या.

"चाचा, मले ते आखाडातच समजलं होतं."

"मंग बोलली काऊन नाई?"

"म्हनलं, तुम्ही बोलान."

"पावसात खड्डा नव्हता वो, बाई."

"घरी येऊन सांगता येत नव्हतं?"

"घरी तू चहा पाजला असता. मंग मले सांगता आलं नसतं."

यानंतर डॉ. इंगळे उठल्या. त्यांनी वही उघडली आणि मागच्या दीड वर्षाची पाने लोकांना दाखवली. त्यात लाल गोल वाढत गेले होते. एका पानावर तीन. त्यांनी सांगितले की हे गोल त्यांना दिसत होते. प्रत्येक वेळी त्यांनी नमुना पुन्हा तपासायला पाठवला होता, कारण चूक प्रयोगशाळेची असणार असे त्यांनी धरले होते. "मी कागदावर शंका घेतली, तुमच्या हातावर नाही घेतली," त्या म्हणाल्या. "विचारायला पाहिजे होतं, चाचा. तुम्हाला काय वाटेल म्हणून विचारलं नाही."

चाचांनी हातातला गोळा वर पाहत डॉ. इंगळेंकडे दिला. "बेटी," ते म्हणाले, "शास्त्रवाल्यानं भिडेत पडू नये."

त्याच बैठकीत नियम बदलला. आधी हात, मग कागद, हे राहिले. पण एकाचा हात नाही. पाच जणांचे हात, आणि दर वेळी वेगळे पाच. आणि कागद आल्याशिवाय कोणाच्याही वावरात काही पडणार नाही.

बैठक उठताना चाचा कमलबाईंच्या वाटेत उभे राहिले. त्यांनी सांगितले की आपले चार एकर कमलबाईंनी पेरावेत, कमलबाईंचे अडीच एकर आपण घेतो.

"मले भीक नाई पायजे, चाचा."

"भीक नाई वो. बिघडवलं मी, तं नीट कोन करीन? अन् माह्यं वावर काळं आहे. तुले पेरायचं होतं ना?"

"माह्या स्वतःच्या म्हनलं होतं मी."

"तं तोवर माह्यात हात बसव."

त्या रब्बीत कमलबाईंनी चाचांच्या वावरात हरभरा पेरला, या वर्षी पावसाळ्यात सोयाबीन. चाचांनी कमलबाईंच्या वावरात काय करायचे ते डॉ. इंगळेंना विचारले. स्वतःला माहीत आहे ते चाचांनी आधी सांगितले नाही, असे डॉ. इंगळे म्हणतात, आणि हे पहिल्यांदाच घडले. उन्हाळ्यात चोपण सुधारणारे जिप्सम टाकून मिसळले. धुरे उंच केले, पहिला पाऊस आतच मुरावा म्हणून. मग हिरवळीच्या खताचा धैंचा पेरला, कारण चोपण जमिनीत तो तग धरतो, आणि कमरेएवढा झाल्यावर हिरवाच गाडला. चाचा आता जाड तळव्याचे बूट घालून वावरात जात. बूट घालताना त्यांना पायाकडे पाहावे लागे. कधी कधी ते धुऱ्यावर येऊन थांबत, सवयीने वाकत, बुटाला हात लावत आणि तसेच आत जात. मी हे दोनदा पाहिले.

विहिरीच्या दिवसांचे ते अलीकडे जास्त बोलत. खाली असताना वरून कोण चालत आले ते आवाज येण्याआधीच मातीतून कळायचे, म्हणत. बाप आला की माती वेगळी वाजायची. त्यांना आता तसे स्वप्न पडते. ते तळाशी आहेत आणि वरून पुष्कळ माणसे चालत येत आहेत, सगळी अनवाणी. पुढे काय होते, असे मी विचारले. "पुढं काई नाई. येऊनच राह्यले."

या वर्षीचा खड्डा चाचांच्या वावरात झाला नाही. तो कमलबाईंच्या अडीच एकरांत झाला. कमलबाईंचे मालक दोन दिवसांची रजा काढून आले, त्यांनी आणि दिराने मिळून खोदला. चाचा खुर्चीवर बसून काठीने भिंत दाखवत होते. ऊन पश्चिमेला पाहिजे. एक पायरी तिरपी गेली होती, ती त्यांनी पुन्हा काढायला लावली. भोवती हरभऱ्याची नवी उगवण ओळीत उभी होती.

कार्तिकातल्या अमावास्येला लोक जमले. गेल्या वर्षीपेक्षा जास्त होते की कमी, हे मोजलेले नाही. चाचा डॉ. इंगळेंच्या खांद्यावर हात ठेवून तीन पायऱ्या उतरले. भिंतीसमोर उभे राहिले. टोपी काढली, आणि उजवा गाल मातीला लावला. डोळे मिटले. ऊन त्यांच्या डोक्याच्या वर, काळ्या थरावर होते.

"काय म्हनते, चाचा?" कमलबाईंनी वरून विचारले.

"थंड आहे."

मग ते बाजूला झाले आणि त्यांनी कमलबाईंना खाली बोलावले. पाच जणांनी माती मळली, जीभ काढली, आपापले सांगितले. ते हाताच्या रकान्यात लिहिले गेले. कागदाचा रकाना रिकामा आहे. नमुना त्याच दिवशी दुपारी प्रयोगशाळेत गेला. हे लिहीपर्यंत अहवाल आलेला नाही.

ओल कमलबाईंनी स्वतः मोजली, वरून खाली, भिंतीला हात लावून. ती एक हात आणि चार बोटे खोल होती.